कुर्लीचा डीएनए ओढ्याकाठीच बिघडतो

पहिल्या पावसात गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या ओढ्यांकाठी कुर्ल्या (गोड्या पाण्यातले खेकडे) बाहेर पडतात आणि डीएनएवरून जात ओळखण्यासाठी नमुने भराभर मिळतात. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याची लेखी परवानगी हातात नसेल तर पाण्यात हात घालू नका.

बहुतेकांचं काम फसतं ते लॅबमध्ये नव्हे, ओढ्याकाठी. अख्खी कुर्ली बरणीत टाकून वरून ९५ टक्के इथेनॉल ओतलं की नमुना टिकला असं वाटतं. टिकत नाही. कवचातून इथेनॉल आत शिरायला वेळ लागतो, आणि तोवर हेपॅटोपँक्रियाज या पचनग्रंथीतले पाचक एन्झाइम स्नायू आणि डीएनए दोन्ही तोडत राहतात. शिवाय कल्ल्यांच्या पोकळीतलं पाणी मिसळून इथेनॉल पातळ होतं. महिन्याभराने जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) वरचा ठसठशीत पट्टा दिसत नाही, नुसता खालपर्यंत धुरकट ओघळ. मग दोष डीएनए काढायच्या किटला दिला जातो.

म्हणून कुर्ली बर्फावर सुन्न करा, एक चालायचा पाय तळाशी कापा, सांध्यांवर चिरा द्या आणि तो वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवा. मांसाच्या दहापट इथेनॉल, आणि २४ तासांनी ते बदलायचंच. त्यानंतर उणे २० अंशांवर. फॉर्मेलिन नको, रंगकामाच्या दुकानातलं स्पिरिटही नको. मार्करची अक्षरं इथेनॉलमध्ये पुसली जातात; पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत टाका. उरलेली कुर्ली त्याच नंबराने ७० टक्के इथेनॉलमध्ये जपा, कारण जात ठरवायला प्रौढ नराचा पहिला गोनोपॉड (पोटाखालचा समागमाचा अवयव) लागतोच. देह फेकून दिलात तर नुसत्या सीक्वेन्सला (डीएनएमधल्या अक्षरांच्या क्रमाला) कोणतं नाव लावणार?

लॅबमध्ये पायाचा स्नायू २० ते २५ मिलिग्रॅम पुरे. जास्त घेतल्याने जास्त डीएनए मिळत नाही, डीएनए धरून ठेवणारी किटमधली गाळणी, म्हणजे कॉलम, तुंबतो. कल्ले आणि आतडं टाळा, तिथे परक्या जिवांचा डीएनए असतो. स्नायू टिश्यूवर टिपून इथेनॉल पूर्ण उडू द्या. १८० मायक्रोलिटर लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण), २० मायक्रोलिटर प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम), ५६ अंश. तुकडा विरघळेपर्यंत, रात्रभर लागला तरी चालेल. शेवटच्या वॉशनंतर रिकामा स्पिन (काहीही न घालता कॉलम सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं) चुकवू नका, इथेनॉल राहिलं की पीसीआर (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती काढणं) अडतो. डीएनए ५० मायक्रोलिटरमध्ये काढा. प्रत्येक खेपेला स्नायू न घातलेली एक ट्यूब सोबत चालवा, म्हणजे बाहेरचा डीएनए मिसळला का ते कळेल.

पीसीआरनंतर जेलवर पट्टा आला नाही म्हणून घाबरू नका. आधी डीएनए १० पट पातळ करून पाहा. रंगद्रव्यांसारखे अडथळे बऱ्याचदा तेवढ्याने विरळ होतात. हात बसायला म्हापशाच्या बाजारातली ताजी सुंगटं (कोळंबी) घ्या, दुर्मीळ कुर्लीवर सराव नको. केलेक्स नावाच्या रेझिनचा झटपट मार्ग सुचवणारे गाइड खूप भेटतील. त्यात सफाई होत नाही आणि डीएनए फार दिवस टिकत नाही. संग्रही ठेवायच्या नमुन्याला तो वापरूच नये. आणि जेलचा फोटो न पाहता नॅनोड्रॉप यंत्राच्या १.८ या शुद्धतेच्या आकड्यावर खूश होणाऱ्याचा सल्ला घेऊ नका. तुटलेला डीएनएही १.८ दाखवतो.

१९९४ चे फोल्मर प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) सीओआय या माइटोकॉन्ड्रियातल्या जीनचे ६५८ बेस देतात, पण कवचधाऱ्यांत या जीनच्या जुन्या नकला केंद्रकातही असतात आणि प्रायमर त्यांनाही चिकटतात. क्रोमॅटोग्राममध्ये (सीक्वेन्सिंग यंत्राच्या आलेखात) दुहेरी शिखरं आहेत का ते डोळ्यांनी बघा. सीक्वेन्स अपृष्ठवंशीय माइटोकॉन्ड्रियल कोडने भाषांतरित करा. मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) आला तर तो सीक्वेन्स बाजूला काढा. स्टॉप नाही म्हणजे खरा, असंही नाही. त्याच डीएनएवर १६एस हा माइटोकॉन्ड्रियातलाच दुसरा जीन चालवून दोन्ही एकाच जातीकडे बोट दाखवतात का ते तपासा.