जळजळ थांबली म्हणून टेस्ट टाळू नका: क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस

हे तिन्ही आजार लैंगिक संबंधातून पसरतात आणि बॅक्टेरियामुळे होतात, म्हणजे बरोबर अँटिबायोटिक वेळेत मिळालं तर बरे होतात. तरीही पुण्यात चांगली शिकलेली पोरंपोरी काय करतात, तर रात्री मेडिकलवाल्याकडे जाऊन हळू आवाजात "लघवीला जळजळ होतेय, काहीतरी द्या" म्हणतात, तो दोन-तीन गोळ्या कागदात बांधून देतो, जळजळ कमी होते आणि विषय संपला असं वाटतं. संपलेला नसतो हो. अर्धवट डोसने त्रास दबतो, आजार आतच राहतो, आणि गनोरियाचे बॅक्टेरिया तर असल्या गोळ्यांना दाद न देण्यात पटाईत झालेत, सिप्रोफ्लॉक्सासिन आता त्यावर भरवशाचं राहिलेलंच नाही.

गनोरिया पुरुषांमध्ये लवकर कळतो, साधारण 2 ते 7 दिवसांत लघवीला जळजळ आणि पिवळसर पू. क्लॅमिडिया गुपचूप असतो, बायकांमध्ये बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, आणि तेवढ्यात इन्फेक्शन वर गर्भनलिकेपर्यंत पोचलं तर पुढे मूल राहायला त्रास किंवा गर्भ नळीतच राहणं, इथपर्यंत जाऊ शकतं. त्यामुळे अंगावरून वेगळं पाणी जाणं, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त दिसणं, यातलं काहीही असलं तर "उष्णता झाली असेल" म्हणून सब्जा पीत बसू नका.

सिफिलिसबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण जास्तीत जास्त लोक फसतात ते इथेच. संबंधानंतर 10 ते 90 दिवसांत, बहुतेकदा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, एक कडक फोड येतो, गुप्तांगावर किंवा तोंडात. तो दुखत नाही. आणि 3 ते 6 आठवड्यांत काहीही न करता भरून येतो! मग काही आठवड्यांनी अंगावर, खास करून तळहात-तळपायांवर लालसर चट्टे येतात, खाज बहुधा नसतेच, लोकांना अ‍ॅलर्जी वाटते, तेही जातात. बॅक्टेरिया मात्र शरीरातच असतो आणि कित्येक वर्षांनी मेंदू, हृदय, डोळे यांना धक्का लावू शकतो. गरोदर बाईकडून बाळाला जातो, म्हणून गरोदरपणात व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ताची टेस्ट करतातच, ती टाळू नका.

आता जायचं कुठे. स्टेशनजवळच्या मुतारीतल्या "गुप्तरोग खात्रीशीर इलाज" वाल्या पोस्टरकडे तर अजिबात नाही. त्वचारोग म्हणजे स्किनचे डॉक्टरच हे बघतात, बायकांनी गायनॅककडे गेलं तरी चालतं. पैशाची अडचण असेल तर ससूनला केसपेपर काढून स्किनच्या ओपीडीत जा, सरकारी हॉस्पिटलांत "सुरक्षा क्लिनिक" असतात तिथे तपासणी-औषध फुकट मिळतं, आणि आधी नुसतं विचारायचं असेल तर 1097 हा सरकारी एड्स हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर आहे. डॉक्टरला खरं सांगा, तोंडाने किंवा मागून संबंध आले असतील तर तेही, कारण घशात किंवा गुदद्वारात इन्फेक्शन असेल तर ते लघवीच्या टेस्टमध्ये सापडत नाही, तिथूनच स्वॅब घ्यावा लागतो.

लघवीची पीसीआर टेस्ट असेल तर आधी तासभर तरी लघवी करू नका, आणि सुरुवातीची धारच डबीत घ्या, मधली नाही. सिफिलिसला रक्ताची व्हीडीआरएल आणि खात्रीसाठी टीपीएचए. टीपीएचए उपचारानंतरही बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, ते बघून घाबरू नका, बघायचा असतो व्हीडीआरएलचा आकडा: तो चौपट उतरला, म्हणजे 1:32 वरून 1:8 वर आला, तर औषध लागू पडलं. संबंधानंतर दोन-चार दिवसांत केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कधी परत करायची ते विचारून घ्या, आणि एचआयव्हीची टेस्टही सोबतच करा.

सुरुवातीच्या सिफिलिसला कमरेत पेनिसिलिनचं एक इंजेक्शन बहुधा पुरतं, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. इंजेक्शननंतर पहिल्या दिवशी ताप, अंगदुखी होऊ शकते, ती ओसरते. क्लॅमिडियाला साधारणपणे डॉक्सिसायक्लिन 7 दिवस, मध्येच सोडायचं नाही, गरोदर असाल तर डॉक्टर दुसरं औषध देतात.

आणि जोडीदार. त्यालाही उपचार हवेच, नाहीतर तुम्ही बरे व्हाल आणि परत त्याच्याकडूनच लागण होईल. सांगायला फार जड जातं, कळतं मला, पण "माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, तूपण टेस्ट करून घे" एवढं एक वाक्य पुरे, कुणामुळे झालं ते भांडण नंतर. दोघांचंही औषध पूर्ण होईपर्यंत, आणि एकाच डोसचं असेल तर त्यानंतर 7 दिवस संबंध नको, सिफिलिस असेल तर फोड पूर्ण भरेपर्यंत नको. गनोरिया-क्लॅमिडियाची टेस्ट तीन महिन्यांनी परत करा, सिफिलिसवाल्यांनी डॉक्टर सांगतील त्या तारखांना व्हीडीआरएल.