जुन्या पेटीत १९३६ चा फोटो सापडला तर

जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर-सावद्याकडच्या जुन्या घरांतल्या पेट्या रद्दीत देण्याआधी नीट उघडून बघा. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला झालं. अध्यक्ष पंडित नेहरू, आणि चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूसारख्या गावच्याच सामानातून केलेली सजावट. त्या दिवसांचा एखादा फोटो तुमच्याकडेही असू शकतो.

हाती आला तर कडांनाच धरा, बोटांच्या घामाचा डाग पुढे जात नाही. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहऱ्यांचा थरच सोलून निघतो. काचेसकट स्कॅन करा. आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, मला ते बघवत नाही.

स्कॅन ६०० डीपीआयला (म्हणजे इंचामागे ६०० ठिपके), मागच्या बाजूसकट. स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथेच असतो. मग मोठी प्रत काढून गल्लीतल्या जुन्या माणसांना दाखवा. मधल्या पुढाऱ्याला सगळेच ओळखतात. तुम्ही कडेला बोट ठेवा: डोक्यावर घागर घेतलेली बाई, टोपी घातलेला स्वयंसेवक पोरगा. ‘आजी, हे कोणाकडचे?’ असं विचारा आणि घाई करू नका, आधी आडनाव आठवतं, मग घर. कळलेलं नाव फोटोमागे कडेला मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नाही.

पत्र्याखालचा माळा टाळा, जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घालून कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा.