पक्ष आपला, पैसाही आपला: आपल्याच आमदार-नगरसेवकाला हिशोब कसा विचारायचा

वर्षानुवर्षं कमळाचं बटण दाबणारे, टॅक्स वेळेवर भरणारे, सरकारने अंथरूण पाहून पाय पसरावेत असं मनापासून वाटणारे आपल्यासारखे लोक मुंबईत भरपूर आहेत. दादर घ्या, पार्ला घ्या, बोरिवली घ्या, कट्ट्यावर एकच तक्रार ऐकू येते की आपलेच लोक पैसे उधळायला लागले, मग विरोधकांत आणि यांच्यात फरक काय राहिला. तक्रार खरीच आहे. राज्याच्या 2025-26 च्या बजेटमधे महसुली तूट 45,891 कोटी दाखवली, कर्ज 9 लाख कोटींच्या वर, आणि मार्चमधे हे मांडून जूनअखेरीस 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्याच.

पण हे आकडे घेऊन आमदाराकडे जाऊ नका. तो चहा पाजेल, मान हलवेल, "निर्णय वरून होतात हो" म्हणेल आणि विषय तिथेच संपेल. एकच काम पकडा, छोटं, आपल्या गल्लीतलं, ज्याच्या बोर्डावर त्याचं नाव आहे.

म्हणजे काय तर खाली उतरा आणि बोर्डाचा फोटो काढा. गार्डनची कमान, चांगले असलेले पेव्हर ब्लॉक उखडून परत बसवलेले, खांबांना गुंडाळलेल्या लाइटी, काहीही चालेल. मोठ्या अक्षरात "यांच्या प्रयत्नाने" असतं ते सोडा, खाली बारीक अक्षरात निधी कुठला ते असतं, तेच हवंय. आमदार निधी वर्षाला 5 कोटी असतो, खासदाराचाही 5 कोटी, आणि पालिकेचा पैसा वेगळा. हे तीन एकमेकांत मिसळले की तुम्ही चुकीच्या दारात उभे राहता.

आमदार निधीचा हिशोब जिल्हाधिकारी कार्यालयात असतो, उपनगरवाल्यांसाठी ते वांद्रे पूर्वेला आहे. वस्तीतली बरीच कामं म्हाडाच्या झोपडपट्टी सुधार मंडळाकडून होतात, त्यामुळे वॉर्ड ऑफिसात गेलात की "आमचं काम नाही" ऐकायला मिळतं. त्यावर भांडत बसू नका, अर्जच टाका, कारण माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे त्यांनी तो 5 दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. फी 10 रुपये, राज्याच्या कार्यालयांसाठी ऑनलाइन पोर्टलही आहे.

अर्जात "का" हा शब्द नको. हे काम का केलं असं विचारलं की उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही, कारण कायद्याने फक्त रेकॉर्डवर असलेलं मिळतं. सरळ लिहा: "अमुक ठिकाणच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश आणि कंत्राटदाराला दिलेल्या रकमांच्या प्रती द्याव्यात. याच ठिकाणी मागील पाच वर्षांत झालेल्या कामांची यादी रकमेसह द्यावी." यातलं दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, तेच काम परत परत झालं असेल तर तिथेच सापडतं. आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून राग बाहेर ठेवून लिहा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

कागद हातात आला की मग भेटायला जा, एकटे नको, बिल्डिंगमधले दोन-तीन जण, त्यात एखादा तरी बूथवर काम केलेला असावा. मंडल अध्यक्षांना, म्हणजे पक्षाच्या आपल्या भागातल्या प्रमुखांना, आधी फोन करून जा, त्यांना बाजूला टाकून गेलं की मनात राहतं. आणि बोलायचं असं: "भाऊ, मत तुम्हालाच दिलंय, पुढेही द्यायची इच्छा आहे म्हणून आलोय. हा कागद बघा, हेच फुटपाथ परत केलंय आणि मागच्या नाल्याची भिंत तशीच पडलीय. पुढच्या वर्षी पैसा तिकडे जाईल का, हो की नाही सांगा." उत्तर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, "आज आपलं असं असं बोलणं झालं" म्हणून.

वेळ फार महत्त्वाची. पालिकेचं बजेट फेब्रुवारीत, राज्याचं मार्चमधे, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत बोललात तर उपयोग, एप्रिलमधे फक्त समाधान. 7 मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपल्यापासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवकच नव्हते, 2025-26 चं 74,427 कोटींचं बजेट प्रशासकानेच मांडलं. आता विचारायला माणूस आहे तर विचारा.

ग्रुपवर कोणीतरी म्हणणारच, "तू त्यांचा झालास का?" चिडू नका. वित्तीय शिस्तीचा केंद्राचा कायदा 2003 मधे वाजपेयींच्या सरकारनेच आणला आणि जुलै 2022 मधे बुंदेलखंड एक्स्प्रेसवेच्या उद्घाटनाला रेवडी संस्कृतीवर, म्हणजे मतांसाठी फुकट वाटण्यावर, टीका मोदींनीच केली, हे दोन दाखले पुरेसे आहेत. पक्षाचंच म्हणणं आपण पक्षाला आठवण करून देतोय.

लाडकी बहीण योजनेचा विषय निघाला की जपून बोला, आणि हे मी कळकळीने सांगतोय. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना 1500 रुपयांनी खरंच आधार होतो, त्यांच्यावर राग काढणं बरोबर नाही. आपला प्रश्न सरकारला आहे. जून 2025 पासून 26 लाखांहून जास्त खात्यांचे हप्ते अपात्र वाटतात म्हणून थांबवले, मग ही तपासणी 2024 मधे पैसे देण्याआधी कुणी करायची होती? आणि ऑक्टोबर 2024 मधे दहिसर, मुलुंड, वाशीच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला तो आपण कारवाले पण घेतोय, त्याचाही भार शेवटी सरकारवरच येतो, हे कबूल करून बोललात तर समोरचा ऐकतो.

आमदाराने टाळलंच तर पुढच्या बूथ बैठकीत तोच कागद, तोच प्रश्न, या वेळी सगळ्यांसमोर. पहिल्या अपिलातही काही मिळालं नाही तर 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील टाका. तिथे वेळ लागतो, म्हणून तोपर्यंत पुढच्या कामाच्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा.