झटक्यानंतर मान आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडे पाहताना या चुका टाळा

अर्धांगवायूच्या झटक्यातून सावरणाऱ्या माणसाच्या घरी, मग ते सिडकोतले असो वा निफाडच्या मळ्यातले, मालिश, व्यायाम आणि हातापायांत आलेली ताकद यांचीच विचारपूस होते. ज्या रक्तवाहिनीमुळे झटका आला तिची अवस्था आता काय आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. सगळेच झटके अरुंद रक्तवाहिनीमुळे येत नाहीत, काही हृदयातून सुटलेल्या गुठळीमुळे तर काही मेंदूतील रक्तस्रावामुळे येतात. परंतु कारण अरुंद रक्तवाहिनी हेच असेल, तर दुसऱ्या झटक्याचा धोका रुग्णासोबतच घरी येतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘मानेचा डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी तपासणी) नॉर्मल आला’ एवढ्यावर निश्चिंत होणे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड रक्तवाहिन्या जबड्याच्या खाली दुभागतात आणि त्या फाट्याशी चरबीचा थर साचतो, तो डॉप्लरमध्ये दिसतो. कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्या मात्र या तपासणीत दिसत नाहीत. युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये मानेतील अरुंदपणा अधिक आढळतो, तर आपल्यासह आशियाई लोकांमध्ये मेंदूच्या आतील अरुंदपणाचे प्रमाण त्यांच्यापेक्षा जास्त असते. त्यामुळे छातीपासून मेंदूपर्यंतच्या रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी झाली आहे का, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. असे विचारण्यात कोणाचाही अवमान नाही.

उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि वाढते वय ही कारणे दोन्ही ठिकाणी सारखीच असली, तरी त्यांचा भार सारखा नसतो. धूम्रपान, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध मानेतील अरुंदपणाशी अधिक ठळक दिसतो, तर मधुमेह, पोटाभोवतीची चरबी आणि वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब यांचा मेंदूच्या आतील रक्तवाहिन्यांशी. म्हणूनच ‘मी विडी ओढत नाही, मला काय होणार’ असे म्हणणाऱ्या, पण दहा-बारा वर्षांपासून शुगर असलेल्या माणसाने अधिक सावध राहावे. अशा रुग्णांनी केवळ उपाशीपोटीची शुगर न पाहता तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणीही करावी.

दुसरी चूक औषधांची. द्राक्षतोडणीच्या हंगामात फेरतपासणी राहून जाते, मधल्या काळात बीपीचा आकडा खाली दिसतो आणि गोळी बंद होते. वास्तविक तो आकडा गोळीमुळेच खाली असतो. झटक्यानंतर बहुतेक रुग्णांमध्ये रक्तदाब 130/80 च्या खाली आणि वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल 70 च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असते. कोलेस्टेरॉलची गोळी आकडा उतरवण्याबरोबर रक्तवाहिनीतील थर स्थिर ठेवायलाही मदत करते, म्हणून अहवाल चांगला आला की ती सोडणे घातक ठरते. दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी परस्पर थांबवू नये.

विडी सोडून मिश्रीवर किंवा मळलेल्या तंबाखूवर येणे म्हणजे तंबाखू सोडणे नव्हे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरीही घरातील डबीवर कोणाचीच नजर नसते.

स्टेंट, म्हणजे अरुंद रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, आणि शस्त्रक्रिया यांबाबत चूक दोन्ही बाजूंनी होते. मेंदूच्या आतील तीव्र अरुंदपणावर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅम्प्रिस चाचणीत, स्टेंट बसवलेल्यांपैकी 14.7 टक्के रुग्णांना तीस दिवसांत झटका किंवा मृत्यू आला, तर केवळ कसून औषधोपचार केलेल्यांमध्ये हे प्रमाण 5.8 टक्के होते. म्हणून ‘पैसे लावतो, पण स्टेंट टाका’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. याउलट, ज्या बाजूच्या रक्तवाहिनीमुळे झटका आला तीच मानेत 70 टक्क्यांहून अधिक अरुंद झालेली, पण पूर्ण बंद नसेल, तर आतला थर काढण्याच्या शस्त्रक्रियेचा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक मिळतो. घरचे कार्य उरकल्यावर पाहू, असे म्हणून हा काळ घालवणे मला फार क्लेशदायक वाटते.

काही मिनिटांत आपोआप बरी झालेली लक्षणे विसरली जातात. एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे होणे, बोबडी वळणे, हातातला पेला निसटणे याला थकवा किंवा पित्त म्हणून टाळू नये, कारण अशा प्रसंगानंतरचे पहिले 48 तास सर्वाधिक धोक्याचे असतात. अशा वेळी घरातील बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नये, कारण रक्तदाब एकदम उतरला की अरुंद रक्तवाहिनीपलीकडचा रक्तपुरवठा आणखी घटतो. सीटी स्कॅन होण्यापूर्वी अॅस्पिरिन देऊ नये, कारण तो रक्तस्रावही असू शकतो. आणि गिळता येते की नाही हे कळेपर्यंत पाणीही पाजू नये. रुग्ण शेवटचा ठीक केव्हा होता ती वेळ लिहून ठेवावी, 108 वर फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट न्यावे, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येते.