ब्लँक स्वच्छ आला म्हणून हुरळू नका: जीसी-एमएस आणि एलसी-एमएसवरच्या नेहमीच्या चुका

जुलैचा महिना होता. खाडीच्या पाण्यातले पीएएच, म्हणजे डिझेल-कोळशाच्या धुरातून आणि सांडलेल्या तेलातून येणारी संयुगं, जीसी-एमएसवर, म्हणजे संयुगं वायूच्या प्रवाहात वेगळी करून त्यांच्या आयनांचं वजन बघणाऱ्या यंत्रावर, मोजत होतो. सोळा संयुगांच्या यादीत पहिलंच नाव नॅप्थलीनचं. ते प्रत्येक नमुन्यात आलं आणि ब्लँकमध्येही, म्हणजे नमुना न घालता केलेल्या कोऱ्या चाचणीतही, आलं. सॉल्व्हंटची बाटली बदलली, लायनर (नमुना टोचतात तिथली काचेची नळी) बदलला, कॉलमचं (संयुगं वेगळी करणाऱ्या लांब नळीचं) टोक कापलं. दोन दिवस यातच गेले. तिसऱ्या दिवशी हात धुताना सहज बेसिनकडे लक्ष गेलं, तर जाळीवर चार पांढऱ्याशुभ्र डांबरगोळ्या, म्हणजे नॅप्थलीनच! पावसात गटाराचा वास वर येतो म्हणून सफाईच्या मावशींनी टाकलेल्या. आणि आमची काचेची भांडी त्याच बेसिनच्या बाजूला निथळत होती.

मावशींचं काही चुकलं नव्हतं. बेसिनमध्ये काय टाकायचं नाही, हे त्यांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

अंधेरीच्या एमआयडीसीत आणि नंतर खाडीपलीकडे महापेला अशी बरीच वर्षं याच कामात काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आकडा चुकतो तेव्हा मशीन बहुतेक वेळा निर्दोष असतं. चूक बाटलीत, हातात, हवेत, नाहीतर नमुना भरणाऱ्याच्या डब्यात असते. ती पकडायचं पहिलं साधन म्हणजे ब्लँक. मात्र ब्लँकला एकच भाषा येते. नको ते आत आलं तर तो ओरडतो. हवं ते हरवलं तर गप्प बसतो. नवी मुलं इथेच फसतात.

ब्लँक ओरडतो तेव्हा

डांबरगोळीचीच गोष्ट पुढे नेते. बाजारातल्या सगळ्याच गोळ्या नॅप्थलीनच्या नसतात, काही पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात. म्हणजे पीएएचचं काम सुटलं, तर पाण्यातल्या बाष्पशील संयुगांचं काम बिघडलं. संध्याकाळी डास आले म्हणून कोणी प्लगला लिक्विडची मशीन लावतं. त्यातलं ट्रान्सफ्लुथ्रिन १६३ वजनाच्या आयनवर (भारित तुकड्यावर) ठळक दिसतं आणि भाजीच्या नमुन्यात ‘सापडतं’. हाताला लावायच्या काही मलमांत डीट हे डास पळवणारं रसायन असतं. एलसी-एमएसवर (द्रवाच्या प्रवाहात वेगळं करणारं जीसी-एमएसचं भावंड) १९२ ते ११९ हे ट्रान्झिशन, म्हणजे १९२ चा आयन फुटून ११९ होणं, बघत असाल आणि ब्लँकमध्ये पीक (आलेखावरचं शिखर) दिसत असेल, तर व्हायल, म्हणजे नमुन्याच्या छोट्या बाटल्या, कोणी भरल्या ते आधी विचारा.

प्लॅस्टिकचं दुखणं सर्वांना माहीत असतं, तरी ते सुटत नाही. जीसी-एमएसवर १४९ आणि एलसी-एमएसवर ३९१ दिसलं की थॅलेट, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन, समजायचं. ते पिपेटच्या टिपमधून येतं, पॅराफिल्ममधून येतं, पाणी शोषायला वापरतो त्या मॅग्नेशियम सल्फेटच्या पिशवीतूनही येतं. ते सल्फेट मफल फर्नेसमध्ये ५०० अंशांवर भाजून घेतलं की थॅलेटही जातं आणि ओलही जाते. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे काम नियमाने होतं, कारण मुंबईच्या हवेत हे मीठ झाकण नीट न लावता एक रात्र ठेवलं की सकाळी त्याचा खडा झालेला असतो.

मोबाइल फेजच्या (एलसीच्या कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाच्या) बाटल्या साबणाने धुणं ही तर हमखास चूक. बेसलाइनवर ४४-४४ च्या अंतराने पिकांची शिडी दिसली, तर ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे साबणाचा किंवा त्याच जातीच्या कशाचा तरी अंश. बाटली पाण्याने आणि मग त्याच सॉल्व्हंटने विसळा, बाकी काही नको. बाटली ओळखीची ठेवा, तिच्यावर नाव-तारीख लिहा. नुसत्या पाण्याच्या मोबाइल फेजमध्ये आपल्या हवेत दोन-तीन दिवसांत जंतू वाढायला लागतात. अर्धी भरलेली बाटली वरून ‘टॉप-अप’ करायची सवय दह्याच्या विरजणाला बरी, इथे नको.

एक ब्लँक पुरत नाही, हेही सांगायला हवं. नुसत्या सॉल्व्हंटचा ब्लँक फक्त मशीन आणि व्हायलपुरतं बोलतो. सगळी रसायनं घालून, नमुना वगळून केलेला ब्लँक तुमच्या टेबलाबद्दल बोलतो. पाणी भरायला जाताना सोबत नेऊन न उघडता परत आणलेली बाटली प्रवासाबद्दल बोलते. आणि सर्वांत वरच्या स्टँडर्डनंतर (माहीत मात्रेच्या द्रावणानंतर) टोचलेला ब्लँक आधीच्या इन्जेक्शनचं किती मागे राहतं ते सांगतो. आमच्या डांबरगोळीच्या वेळी सॉल्व्हंट थेट नव्या व्हायलमध्ये घेतला तर स्वच्छ येत होता आणि धुतलेल्या भांड्यातून घेतला तर नाही. हे दोन ब्लँक पहिल्याच दिवशी शेजारी ठेवले असते, तर दोन दिवस वाचले असते.

ब्लँक गप्प बसतो तेव्हा

“मॅडम, ब्लँक एकदम क्लीन आहे, मिरचीत काहीच नाही, रिपोर्ट सोडू का?” असं विचारणारा मुलगा हुशार असतो, मेहनती असतो, आणि त्या क्षणी सर्वांत धोक्याच्या जागी उभा असतो.

मिरची पावडर, हळद, कढीपत्ता, चहा ही मंडळी इलेक्ट्रोस्प्रेची, म्हणजे एलसी-एमएसमध्ये रेणूंना भार देणाऱ्या फवाऱ्याची, शत्रू. नमुन्यातलं रंगद्रव्य, तेल, साखर हे सगळं आपल्या संयुगाबरोबर एकाच वेळी सोर्समध्ये, म्हणजे त्या फवाऱ्याच्या कक्षात, पोचलं, की भार घ्यायला चढाओढ लागते आणि आपलं बिचारं संयुग मागे राहतं. यालाच आयन सप्रेशन म्हणतात. समजा, सॉल्व्हंटमधल्या स्टँडर्डचं क्षेत्रफळ १,००,००० येतं आणि तेवढंच स्टँडर्ड मिरचीच्या अर्कात घातल्यावर ३५,००० येतं. अशा वेळी सॉल्व्हंटमधल्या स्टँडर्डच्या रेषेवरून (कॅलिब्रेशनवरून) मोजलं, तर खरा अवशेष किलोला ०.०३ मिलिग्रॅम असताना तुमच्या कागदावर तो ०.०१ च्या आसपास दिसेल. युरोपात जिथे वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे ०.०१ हीच रेषा आहे. वाशीच्या मार्केटमधून गेलेला माल तिकडच्या बंदरावर अडकतो आणि इकडे व्यापारी विचारतो, “तुमच्या रिपोर्टात तर पास होतं ना?”

यावर उपाय तीन. कीडनाशक नसलेल्या मिरचीच्या अर्कात कॅलिब्रेशन बनवा. जमेल तिथे समस्थानिक-लेबल असलेलं इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे प्रत्येक नमुन्यात घालायची त्याच संयुगाची जड प्रत, वापरा. आणि तिसरा, सर्वांत स्वस्त आणि माझा आवडता: अर्क दहा पट पातळ करा. आजच्या ट्रिपल क्वाड्रुपोल यंत्रांना तेवढी संवेदनशीलता बहुधा असते. पातळ करायला लोक का घाबरतात कोण जाणे. सोर्सही कमी घाण होतो.

सप्रेशन नक्की कुठे होतं ते बघायचं असेल, तर कॉलमनंतर टी-जोड लावून स्टँडर्ड सतत सोडत राहा आणि वरून कोरा अर्क टोचा. सरळ रेषेला जिथे खड्डा पडेल, तिथे तुमचं संयुग येता कामा नये. अर्ध्या तासाचं काम आहे. पद्धत बसवताना एकदा करून तो कागद भिंतीवर चिकटवून ठेवा.

दुसरं हरवणं टेबलावरचं. क्वेचर्स ही नमुन्यातून कीडनाशकं काढून घ्यायची पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने भाजी-फळांच्या तपासणीचा चेहराच बदलला. १० ग्रॅम नमुना, १० मिलि अ‍ॅसिटोनायट्राइल, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १ ग्रॅम मीठ. इतकी सोपी की लोक ती न वाचताच करतात. पालकासाठी लिहिलेली कृती मसाल्याला जशीच्या तशी लावतात. सुक्या मसाल्यात पाणीच नसतं. २ ग्रॅमच घ्या, १० मिलि पाणी घालून अर्धा तास भिजू द्या, मग सॉल्व्हंट. मीठ घातल्याबरोबर नळी जोरात हलवा, नाहीतर तळाशी गोळा बसतो आणि मग कितीही हलवलं तरी फुटत नाही. मॅग्नेशियम सल्फेट पाणी ओढताना तापतं; हाताला नळी गरम लागली नाही, तर मीठ आधीच ओलं होतं असं समजा. पावसाळ्यातली ही माझी सर्वांत साधी तपासणी.

हिरवा रंग काढायला कार्बन ओततात, तोही सढळ हाताने. अर्क पाण्यासारखा नितळ दिसला की बरं वाटतं, पण चपट्या रेणूंची कीडनाशकं, उदाहरणार्थ थायाबेंडाझोल आणि हेक्झाक्लोरोबेन्झीन, त्या कार्बनला चिकटून कचऱ्यात जातात. पीएसए ही सफाईची दुसरी पूड २,४-डी या तणनाशकासारखी आम्लं धरून ठेवते. यातलं काहीही ब्लँकमध्ये दिसणार नाही. ते फक्त स्पाइकमध्ये दिसतं: माहीत असलेली मात्रा कोऱ्या नमुन्यात घाला, सगळी कृती करा, किती परत मिळालं ते बघा. ७० ते १२० टक्के ही युरोपीय मार्गदर्शनातली चौकट आपल्याकडेही सर्रास वापरतात. आणि स्पाइक कृतीच्या सुरुवातीला घालायचा असतो! शेवटी व्हायलमध्ये घालून “रिकव्हरी ९९ टक्के” म्हणणारे महाभाग मी पाहिले आहेत.

फुटलेला पीक

शेतकऱ्याचं पीक नपुंसकलिंगी, आमचा पीक पुल्लिंगी. पण फुटला की दुःख तेवढंच. मेथामिडोफॉस, अ‍ॅसिफेट, ओमेथोएट ही पाण्यात रमणारी संयुगं सुरुवातीलाच येतात. मोबाइल फेज ९५ टक्के पाणी आणि तुम्ही टोचताय १० मायक्रोलिटर शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल. काही रेणू त्या थेंबाबरोबर पळतात, काही मागे राहतात, आणि पिकाला दोन शेंडे येतात. मग ऐंशी हजारांचा कॉलम ‘मेला’ म्हणून नवा मागवला जातो. त्याआधी १ किंवा २ मायक्रोलिटर टोचून बघा, किंवा अर्क पाण्याने पातळ करा. सगळे पीक फुटत असतील तर कॉलमवर किंवा जोडणीवर संशय घ्या. फक्त पहिले फुटत असतील तर कॉलमला दोष देऊ नका.

जीसीवर याचं भावंड म्हणजे शेपूट आणि मोडतोड. लायनर घाण झाला की डीडीटी आतच मोडून डीडीडी-डीडीई होतं आणि तुम्ही मातीच्या नमुन्यात तेच ‘शोधता’. शुद्ध डीडीटी आणि एंड्रिन टोचा, किती मोडलं ते मोजा; १५ टक्क्यांच्या वर गेलं तर लायनर बदला, कॉलमचं पुढचं टोक वीसेक सेंटिमीटर कापा. २०७ आणि २८१ वर बेसलाइन चढत असेल तर ते कॉलमचं किंवा सेप्टमचं सिलिकॉन, नमुन्याशी त्याचा संबंध नाही.

ओळख पटवताना घाई नको. रिटेन्शन टाइम (संयुग कॉलममधून बाहेर यायची वेळ) स्टँडर्डपासून ०.१ मिनिटाच्या आत, दोन आयनांचं गुणोत्तर स्टँडर्डच्या ३० टक्क्यांच्या फरकात. एक आयन आला आणि दुसरा ‘थोडासा आलाय’ म्हणजे आला नाही.

नमुना आणताना

मिठी नदीचं पाणी माहीमच्या बाजूला भरतीच्या वेळी भरलं तर तुम्ही समुद्र तपासता, ओहोटीला भरलं तर नाला. दोन्ही खरे, पण तुलना करायची तर वेळ लिहिलेली हवी. भरती-ओहोटीचं वेळापत्रक नोंदवहीत असायला हवं, आणि पाणी गाळलं की नाही हेही. पीएएच आणि जुनी ऑर्गॅनोक्लोरीन कीडनाशकं गाळालाच चिकटलेली असतात. खारं पाणी एलसीवर टोचताना पहिलं मिनिटभर डायव्हर्ट व्हॉल्व्हने मीठ बाहेर सोडा, सोर्सचं भलं होईल.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते बाटलीतही काम करत राहतं. क्लोरोफॉर्म मोजायला आणलेलं पाणी थायोसल्फेट न घालता दोन दिवस ठेवलं, तर भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघाल्यापेक्षा जास्त क्लोरोफॉर्म तुमच्या फ्रिजमध्ये तयार होईल. बाटली काठोकाठ भरा, वर बुडबुडा नको. आणि तो फ्रिज डायक्लोरोमीथेनच्या बाटल्यांचा नको.

रक्त, प्लाझ्मा

इथे थोडक्यात, कारण हे वेगळंच शास्त्र आहे. अ‍ॅसिटोनायट्राइलने प्रोटीन बसवलं की काम झालं असं वाटतं. फॉस्फोलिपिड (रक्तातले चरबीसारखे रेणू) मात्र वरच्या द्रवात तसेच राहतात. ते कॉलमवर रेंगाळतात आणि कधीकधी पुढच्याच्या पुढच्या इन्जेक्शनमध्ये उगवून तिथलं संयुग दाबतात. ‘दर तिसरा नमुना कमी येतो’ अशी विचित्र तक्रार असेल, तर पद्धतीत १८४ ते १८४ हे ट्रान्झिशन जोडून बघा, फॉस्फोलिपिड कुठे आहेत ते दिसेल. शेवटी जास्त सॉल्व्हंटची धुलाई लांबवा. ड्युटेरियमचं इंटर्नल स्टँडर्ड मूळ संयुगाच्या किंचित आधी येतं. तेवढ्या अंतरात सप्रेशनचा खड्डा असेल तर दोघांवरचा परिणाम सारखा राहत नाही.

कॅलिब्रेशनच्या ०.९९९ वर, म्हणजे रेषा किती जुळते ते सांगणाऱ्या आकड्यावर, भाळू नका. वरचे दोन बिंदू रेषेला आपल्याकडे ओढतात आणि खालचा बिंदू निम्म्याने चुकलेला असतो. वेटिंग लावा, म्हणजे खालच्या बिंदूंना जास्त वजन द्या, आणि प्रत्येक बिंदू रेषेवरून उलट मोजून बघा.

मशीनवर संशय कधी

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तेव्हा आमच्याकडे यूपीएस होता. त्यावर मशीन होतं, संगणक होता. नायट्रोजन जनरेटरचा कॉम्प्रेसर नव्हता. गॅस थांबला, पंप चालूच राहिला आणि सोर्समध्ये तळं साचलं. तुमच्या यूपीएसवर नक्की काय काय आहे, ते आज वायरमनला विचारून घ्या. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी पावसाळ्यात रोज सोडावं लागतं. आमच्याकडे ते काम कोणाचं हेच ठरलेलं नव्हतं, आणि ओल ड्रायर ओलांडून आत गेल्यावर ठरलं.

संवेदनशीलता पडली तर आधी ताजं स्टँडर्ड नव्या व्हायलमध्ये टोचा. तेही पडलेलं असेल तर कॉलम काढून स्टँडर्ड सरळ सोर्समध्ये सोडा. तिथे सिग्नल ठीक असेल तर दोष एलसीत आहे. तिथेही पडलेला असेल तर सोर्स पुसा. जीसी-एमएसवर १८, २८, ३२ (पाणी, नायट्रोजन, ऑक्सिजन) बघा: २८ आणि ३२ साधारण चारास एक या प्रमाणात वर आले असतील तर हवा शिरतेय, आणि बहुतेक वेळा नवा कॉलम पहिल्यांदा तापल्यावर सैल पडलेली नट हेच कारण असतं. साबणाचं पाणी लावून गळती शोधू नका, ते आत ओढलं जातं.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही, तर इंजिनिअरला बोलवा. फोन करण्याआधी शेवटचा चांगला ट्यून रिपोर्ट (मशीनच्या जुळणीचा कागद), आजचा ट्यून रिपोर्ट, व्हॅक्युमचा आकडा आणि पंपाचं तेल शेवटचं कधी बदललं ती तारीख समोर ठेवा. आणि बेसिनमध्ये एकदा डोकावून या.