वणव्याआधी डोंगराचा हिशोब: बिहेव्हप्लस कसं वापरावं

डिसेंबर सरला की साताऱ्याजवळच्या यवतेश्वर, अजिंक्यतारा, सज्जनगडाच्या उतारांवरचं गवत वाळून पिवळं पडतं आणि उन्हाची तिरीप वाढली की वणवे सुरू होतात. झाडं लावणाऱ्या गटांपुढे मग नेहमीचा पेच: माणसं मोजकी, डोंगर मोठा, जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) आधी कुठे काढायची? कोणत्या उतारावर आग किती वेगाने चढेल, याचा अंदाज लॅपटॉपवर फुकटात काढता येतो.

आधी सॉफ्टवेअर निवडा. अमेरिकेची आयएफटीडीएसएस ही ऑनलाइन प्रणाली थेट नकाशावर आग पसरवून दाखवते, पण तिच्यातला इंधनाचा, म्हणजे जळू शकणाऱ्या गवत-झुडपांचा, नकाशा अमेरिकेपुरताच आहे. आपल्या कामाचं आहे बिहेव्हप्लस. हे अमेरिकी वनसेवेचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं. त्याला नकाशा लागत नाही. आपण आकडे भरायचे, ते आग किती वेगाने पसरेल हे सांगणाऱ्या, 1972 सालच्या रॉथरमेलच्या सूत्राने उत्तर काढतं. त्यात 'सरफेस' (जमिनीलगतची आग) हा भाग निवडा आणि एककं मेट्रिक करून घ्या.

आता खरं काम, इंधन. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकटीतलं गवत मुळाशी कापा, वाळवा, तोला. असं डोंगरावर पाच-सहा ठिकाणी करा आणि सरासरी काढा. वजन 90 ग्रॅमच्या आसपास आणि गवत वीतभरही नसेल, तर जीआर1 हा इंधन-प्रकार घ्या. 250 ग्रॅम आणि फूटभर उंची असेल तर जीआर2. पाचशेच्या जवळ आणि दोन फूट असेल तर जीआर4. माण-खटावच्या माळावर बहुधा पहिले दोन लागतील. हे प्रकार अमेरिकेतल्या गवतावरून ठरवलेले आहेत, आपली कुसळी त्यांत नाही. म्हणून तर तोलायचं.

मग ओलावा. दुपारी कापलेलं वाळकं गवत लगेच हवाबंद पिशवीत भरून तोला, ओव्हनमध्ये साधारण शंभर अंशांवर दिवसभर वाळवून पुन्हा तोला. वजनातला फरक भागिले सुकं वजन, गुणिले शंभर: हा वाळक्या गवताचा ओलावा, टक्क्यांत. जिवंत गवताच्या रकान्यात, सगळा डोंगर पिवळा असेल तर 30 भरा. 120 म्हणजे पूर्ण हिरवं.

वाऱ्याचा आकडा मोबाइलमधून सरळ उचलू नका. तो दहा मीटर उंचीवरचा असतो. उघड्या गवतात ज्वाळेपाशी त्याचा साधारण तिसरा हिस्सा धरावा.

उतार टक्क्यांत भरायचा: गूगल अर्थवर शंभर मीटर आडव्या अंतरात चाळीस मीटर चढ दिसला, तर 40. या सूत्रात उतार 20 टक्क्यांवरून 40 झाला की उताराचा परिणाम चौपट होतो. म्हणूनच पायथ्याला पेटलेलं गवत धावत वर येतं.

उत्तरात आगीचा वेग आणि ज्वाळेची लांबी पाहा. ज्वाळा 1.2 मीटरच्या आत असेल तर हातातल्या साधनांनी समोरून आग विझवता येते. त्यापुढे समोर जाऊ नये, आणि 2.4 मीटरनंतर यंत्रंही अपुरी पडू लागतात. प्रत्येक उताराचे आकडे एका तक्त्यात मांडा. ज्यांचा वेग जास्त, तिथली जाळरेषा आधी.

हे सूत्र सगळीकडे सलग, सारखं गवत धरून चालतं. मधे काळ्या कातळाचे पट्टे असतील तर खरी आग हळू जाईल. अरुंद घळीत मात्र वारा कोंडून ती आकड्यापेक्षा भडकू शकते, तिथे माणूस पाठवूच नका. पडताळणीसाठी नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर मागच्या हंगामांतले, उपग्रहाने टिपलेले आगीचे ठिपके बघा. ठिपका 375 मीटरचा असतो, त्यामुळे छोटी आग सुटूही शकते.

जाळरेषा जाळून काढायची असेल तर ती वनविभागाच्या माणसांनीच, त्यांच्या परवानगीने; राखीव वनात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. तक्ता तुमच्या वनरक्षकाला दाखवा. धूर दिसलाच तर 1926 वर फोन करा.