व्हिक्टोरिया धबधब्याची सहल कशी आखावी

झांबिया आणि झिम्बाब्वे या दोन देशांच्या सीमेवरून वाहणारी झांबेझी नदी जवळजवळ १,७०० मीटर रुंदीच्या पात्रासह एका अरुंद घळईत कोसळते. ही घळ जिथे सर्वांत खोल आहे, तिथे पाणी १०८ मीटर खाली पडते. स्थानिक लोक या धबधब्याला ‘मोसी-ओआ-तुन्या’ म्हणतात, आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तो १९८९ पासून याच नावासह नोंदलेला आहे. इथली सहल ठरवताना बहुतेक जण आधी विमानाचे तिकीट आणि हॉटेल शोधू लागतात. माझे मत असे आहे की सुरुवात नदीच्या पाण्यापासून करावी, कारण कोणत्या महिन्यात जायचे यावरच कोणत्या देशात उतरायचे, काय पाहायला मिळेल आणि बॅगेत काय भरायचे, हे सारे ठरते.

पहिली पायरी : महिना ठरवणे

आपल्याकडे पाऊस पडला की धबधबे वाहतात आणि पाऊस थांबला की आटतात, त्यामुळे तोच हिशोब तिथेही लावला जाण्याची शक्यता असते. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो, पण धबधब्याला सर्वाधिक पाणी येते ते पाऊस सरल्यावर, एप्रिलच्या सुमारास. झांबेझीचे बरेचसे पाणी वायव्य झांबिया आणि अंगोला या दूरच्या भागांतून येते, वाटेत बारोत्सेच्या विस्तीर्ण सपाट पूरमैदानात पसरते आणि मग सावकाश पुढे सरकते. नंतरच्या कोरड्या महिन्यांत पाणी उतरत जाते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते सर्वांत कमी असते.

महाराष्ट्रातल्या कुटुंबांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. दिवाळीच्या सुट्टीत गेल्यास झांबियाच्या बाजूचा पूर्वेकडील भाग जवळजवळ कोरडा कडा म्हणूनच दिसण्याचा संभव असतो, तर मे महिन्याच्या सुट्टीत नदी भरलेली असते. ऐन एप्रिलमध्ये मात्र तुषारांचा लोट इतका दाट उसळतो की समोर उभे राहूनही धबधबा नीट दिसत नाही. त्या काळात तो संपूर्ण पाहायचा असेल, तर हेलिकॉप्टरच्या फेरीसाठी पैसे राखून ठेवावेत. पाणीही भरपूर आणि दृश्यही बऱ्यापैकी मोकळे, असा मेळ मेअखेरीपासून जुलैपर्यंत जमतो, आणि निवड करण्याची मुभा असेल तर मी हाच काळ सुचवीन.

दिवाळीशिवाय सुट्टी मिळणे शक्यच नसेल, तर बेत रद्द करण्याचे कारण नाही. सहलीचा रोख तेवढा बदलावा. पाणी उतरल्यावर खालच्या घळईतील राफ्टिंग रंगते, आणि साधारण ऑगस्टच्या मध्यापासून, पाण्याची पातळी परवानगी देईल तोपर्यंत, लिव्हिंग्स्टन बेटावरून वाटाड्यासोबत कड्याच्या अगदी टोकावरील ‘डेव्हिल्स पूल’ या डोहात उतरता येते.

तारखा पक्क्या करण्यापूर्वी घरातील दिनदर्शिकेत पौर्णिमा अवश्य पाहावी. नदी भरलेली असताना पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री धबधब्याभोवतीचे उद्यान मुद्दाम उघडे ठेवतात आणि आकाश निरभ्र असल्यास चंद्रप्रकाशात तुषारांवर इंद्रधनुष्य दिसते. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ या महिन्यांच्या पौर्णिमा यासाठी सोयीच्या पडतात.

दुसरी पायरी : मुक्कामाची बाजू निवडणे

धबधब्याचा बहुतांश भाग झिम्बाब्वेच्या बाजूने अगदी समोरून दिसतो. स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पुतळ्याजवळील ‘डेव्हिल्स कॅटरॅक्ट’ या धारेपासून ‘डेंजर पॉइंट’पर्यंत घळईच्या काठाने पायवाट जाते, आणि पाणी कमी असतानाही मुख्य धारा वाहत्या असतात. व्हिक्टोरिया फॉल्स हे गाव धबधब्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, हीदेखील वृद्ध किंवा लहान मुले सोबत असताना मोठीच सोय होय. झांबियाच्या बाजूला लिव्हिंग्स्टन शहर सुमारे १० किलोमीटर दूर असल्याने वाहन लागते. मात्र तिथला ‘नाइफ एज’ हा पादचारी पूल भर पाण्याच्या दिवसांत तुषारांतून चालण्याचा जो अनुभव देतो, त्याला पलीकडे जोड नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मुक्काम झिम्बाब्वेत करावा आणि एक दिवस झांबियासाठी ठेवावा. दोन्हीकडची प्रवेश तिकिटे वेगळी आहेत, त्यामुळे अंदाजपत्रकात ती दोनदा धरावीत.

तिसरी पायरी : कागदपत्रे आणि लस

दोन्ही देशांत मिळून फिरण्यासाठी ‘काझा युनिव्हिसा’ नावाचा सामायिक व्हिसा आहे, आणि कझुंगुला या सीमाचौकीवरून बोट्स्वानात एका दिवसाची फेरीही त्यात सामावते. तो न मिळाल्यास झिम्बाब्वेसाठी एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा मागावा, अन्यथा झांबिया पाहून परतताना पुन्हा शुल्क भरावे लागते. भारतीय पासपोर्टधारकांना त्या वेळी लागू असलेले नियम दोन्ही देशांच्या सरकारी संकेतस्थळांवर वाचूनच तिकीट काढावे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि शिक्क्यांसाठी पुरेशी कोरी पाने असावीत.

मुंबईहून जाण्याचे नेहमीचे मार्ग अदिस अबाबा, नैरोबी किंवा जोहान्सबर्ग येथून आहेत. इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराच्या धोक्याच्या देशांत मोडतात, त्यामुळे त्या वाटेने जाणाऱ्यांकडे लसीचे प्रमाणपत्र पुढच्या देशातच नव्हे, तर भारतात परततानाही मागितले जाऊ शकते. ही लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होते, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. जोहान्सबर्गमार्गे जाताना विमानतळाबाहेर पडायचे असेल, तर दक्षिण आफ्रिकेचा वेगळा व्हिसा लागतो. झांबेझीच्या खोऱ्यात मलेरिया आहे. प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांशी निघण्यापूर्वीच बोलावे, कारण काही गोळ्या आधीपासून सुरू कराव्या लागतात.

चौथी पायरी : दिवसांची आखणी

तीन पूर्ण दिवस पुरेसे आहेत, चार असतील तर उत्तम. पहिल्या दिवशी सकाळी लवकर झिम्बाब्वेच्या बाजूचे उद्यान पाहावे आणि संध्याकाळी धबधब्याच्या वरच्या अंगाला, शांत पात्रातील नौकाफेरी करावी. तिथे पाणघोडे आणि मगरी सहसा दिसतात. दुसऱ्या दिवशी १९०५ मध्ये बांधलेल्या लोखंडी पुलावरून चालत झांबियात जावे. पुलाखाली सुमारे १२८ मीटरवर नदी वाहते आणि दोन्ही देशांच्या सीमाचौक्या पुलाच्या दोन बाजूंना आहेत. पाणी कमी असेल, तर झांबियाच्या बाजूने खाली ‘बॉइलिंग पॉट’ या भोवऱ्यापर्यंत उतरता येते, पण चढ दमवणारा आहे.

भर पाण्याच्या दिवसांत उद्यानात जाताना रेनकोट, चटकन वाळणारे कपडे, न घसरणारी पादत्राणे आणि फोन व पासपोर्टसाठी जलरोधक पिशवी हवीच. छत्रीचा उपयोग होत नाही, कारण तुषार खालूनही येतात. दशम्या किंवा चिवडा हॉटेलातच ठेवावा, कारण दोन्ही बाजूंचे बबून हातातली खाऊची पिशवी हिसकावून नेतात. जून-जुलैत तिथे हिवाळा असतो आणि पहाटे चांगलीच थंडी पडते, म्हणून एक उबदार जाकीट घ्यावे. खर्चासाठी अमेरिकी डॉलरच्या लहान नोटा सोबत असाव्यात. झांबियात क्वाचा हे चलन चालते.

बोट्स्वानातील चोबे राष्ट्रीय उद्यानाची सफर, विशेषतः हत्ती पाहण्यासाठी, मनापासून करण्याजोगी आहे. उद्यानालगतचे कसाने गाव व्हिक्टोरिया फॉल्सपासून सुमारे ८० किलोमीटरवर असल्याने पहाटे निघून सायंकाळी परतता येते. सीमेवरील रांगेत किती वेळ जाईल हे सांगता येत नाही, तेव्हा ही सफर परतीच्या विमानाच्या दिवशी ठेवू नये. ती तिसऱ्या दिवशी उरकून चौथा दिवस प्रवासासाठी मोकळा सोडावा.